धडा पहिला: नवऱ्याचं नाव

सोमवार, ५ जानेवारी

पतसंस्थेने दिलेली डायरी कपाटात कोरी पडली होती. ती आज उघडली, कारण आजपासून मी पुन्हा कामावर रुजू झालो.

फौजेतून पेन्शनीवर आलो त्याला चार वर्षं झाली. रोज पहाटे उठतो, दाढी करतो, बूट घालतो, आणि जायला कुठे नसतं म्हणून पुन्हा काढून ठेवतो. तिकडे मी नुसता खाकरलो तरी तीस जवान ताठ व्हायचे. इकडे शिट्टी वाजवली तर दारातलं कुत्रंही मान वर करत नाही. याचा त्रास होतो. कुणाला सांगत नाही, डायरीला सांगायला हरकत नाही.

तर ग्रामपंचायतीच्या हॉलवर आज पाटी लागली : 'सुभेदार हंबीरराव बर्गे यांचा इंग्लिश स्पीकिंग क्लास. फक्त महिलांसाठी. फी नाही. दुपारी दोन ते तीन.' गावातली निम्मी पोरं कोरेगावला इंग्रजी शाळेत जातात आणि त्यांच्या आया गृहपाठाच्या वहीकडे कोर्टाची नोटीस आल्यासारख्या बघत बसतात. म्हणून महिला. अकरा जणींनी नावं दिली.

घरच्या मंडळींना म्हणालो, "उद्या दोन वाजता हजर राहायचं."

"मला गोठ्यात काम हाय," असं उत्तर आलं. राहिलं. घरकी मुर्गी म्हणतात ते असं.

मंगळवार, ६ जानेवारी

पहिला दिवस. 'व्हॉट इज युवर नेम' सगळ्यांना आलं. सगळ्यात म्हाताऱ्या भामाबाई तर 'माय नेम इज भामाबाई केर...' इथपर्यंत जोरात आल्या आणि एकदम जीभ चावून थांबल्या. मला वाटलं, उचकी लागली.

मग मी धड्यातला पुढचा प्रश्न विचारला. "व्हॉट इज युवर हसबंड्स नेम?"

अकराही जणी जमिनीकडे बघायला लागल्या. मी मराठीत सांगितलं, नवऱ्याचं नाव विचारतोय. माना आणखी खाली. भामाबाईंची सून अंकिता पदरात तोंड घालून हसायला लागली. ही अंकिता घरात नवऱ्याला 'जय, चहा झाला' म्हणते, मी रस्त्यावरून जाताना स्वतः ऐकलंय. पण आज शेजारी सासू बसलेली.

"जयराजचं वडील," भामाबाई शेवटी म्हणाल्या.

"नाव काय त्यांचं?"

"सांगितलं की. जयराजचं वडील."

मी म्हणालो, नाव सांगेपर्यंत सगळ्यांनी उभं राहायचं. फौजेत याने काम होतं. सगळ्या उभ्या राहिल्या. पलीकडच्या आळीतली अक्षता बारावी शिकलेली, ती चटकन 'नागसेन' म्हणून मोकळी झाली असती. पण तीही उभीच. "समद्या उभ्या असताना मी कशी बसू, सर?" म्हणाली. तीन वाजेपर्यंत उभ्या राहिल्या आणि एकमेकींचा हात धरून घरी गेल्या.

शिस्त लागायला वेळ लागतो. बाकी दिवस चांगला गेला.

गुरुवार, ८ जानेवारी

काल कुणी आलं नाही. आजही नाही. अकरा खुर्च्या आणि मी.

अडीच वाजता दूध डेअरीचे चेअरमन नानासो टेप घेऊन आले आणि हॉलची लांबी-रुंदी मोजायला लागले. विचारलं तर म्हणाले, "जिम करायची हाय, सुभेदार. पोरं मागं लागल्यात. तुमचा क्लास तर उठला म्हनं."

माझं डोकं सणकलं. "उठला नाही, बसतोय," मी म्हणालो.

"बरं. मग आठ मार्चला महिला दिन हाय. माझं मेव्हनं सांगलीला कॉलेजात इंग्लिश शिकवायचं, रिटायर झाल्यात. त्यास्नी बोलवतो. तुमच्या बायका त्येंच्याम्होरं इंग्लिश बोलल्या, तर हॉल वर्षभर तुमचा. न्हाई बोलल्या, तर नऊ तारखेला मशिनं आत."

मी हात पुढे केला. फौजी माणूस, बोलून बसलो. आता अकरा खुर्च्यांना इंग्लिश बोलायला शिकवायचं आहे.

शुक्रवार, ९ जानेवारी

जेवण गेलं नाही. हॉल गेला तर पुन्हा बूट घालून काढून ठेवायचे, एवढं एकच डोक्यात.

हिने भाकरी वाढता वाढता विषय काढला. "नवऱ्याचं नाव असं पोलिसावानी इचारत्यात व्हय? आपल्यात नाव उखाण्यात घेत्यात."

"तुला इंग्लिशमधलं काय कळतंय?" मी म्हणालो.

"मला कशाला कळतंय," असं म्हणून तिने आमटी वाढली. जरा जास्तच वाढली.

इथे एक नोंदवून ठेवतो. आमच्या घरच्यांना उखाण्यांचा नाद आहे. लग्नसराईत पोरी आमच्याकडे येऊन उखाणे बांधून नेतात, जसं शिंप्याकडून ब्लाऊज शिवून न्यावं. त्यामुळे तिला कशातही उखाणाच दिसतो.

शनिवार, १० जानेवारी

पहाटे दाढी करताना मला एक नामी कल्पना सुचली. उखाणा! बायकांना नवऱ्याचं नाव सरळ घेता येत नाही ना, मग उखाण्यात घ्यावं. पहिली ओळ इंग्लिश शिकण्याची, दुसरी ओळ नवऱ्याची. अशी गोष्ट अजून कुठल्या क्लासच्या डोक्यात आली नसेल. हिला उत्साहाने सांगितली. ती म्हणाली, "बया! लय भारी सुचलं की तुमाला."

कौतुक क्वचित होतं, म्हणून लिहून ठेवलं.

सोमवार, १२ जानेवारी

अकराच्या अकरा आल्या! मी अजून कुणाला निरोपही दिला नव्हता. जी ती आत येतायेताच म्हणतेय, "सर, उखाणा इंग्लिशमधी घ्यायचा न्हवं?" गावात बातमी वाऱ्यावर चालते म्हणतात ते खोटं नाही.

मंगळवार, २० जानेवारी

फळं शिकवली. अननस म्हणजे पाइनॲपल. सीताफळ म्हणजे कस्टर्ड ॲपल. कवठ म्हणजे वुड ॲपल.

भामाबाईंनी हात वर केला. "सुभेदार, ह्या इंग्रजांनी जल्मात एकच फळ बघितलं हुतं का वं?"

"असं नसतं, भामाबाई."

"मग कलिंगडाला काय म्हंत्यात? मोठं ॲपल?"

भाज्यांकडे वळलो तर आणखी पंचाईत. भेंडीला लेडीज फिंगर म्हणतात हे सांगितल्यावर मागच्या ओळीतून कुणीतरी 'आई गं' म्हणालं. अक्षता म्हणाली, "सर, म्हंजे आमी रोज बायकांची बोटं तेलात परततोय." मग फुलपाखरू निघालं. बटर म्हणजे लोणी, फ्लाय म्हणजे माशी. "माशी लोण्यात पडली तर आमी ते लोणी टाकून देतो," भामाबाई म्हणाल्या. "आन् हे तिला फुलपाखरू म्हंत्यात."

फौजेत आम्ही इंग्लिशला कधी असे प्रश्न विचारले नाहीत. साहेब जे म्हणेल ते इंग्लिश.

मंगळवार, २७ जानेवारी

आज वर्गात बंड झालं. कारण 'यू'.

मी सांगितलं की इंग्लिशमध्ये तू, तुम्ही, आपण असलं काही नाही. सगळ्यांना यू.

"सासूला?" अंकिताने विचारलं.

"यू."

"म्हशीला?"

"तिलाही यू."

भामाबाई खुर्चीतून अर्ध्या उठल्या. "म्हंजी ही मला आन् म्हशीला एकाच दावणीला बांधनार?"

अंकिता लांबूनच म्हणाली, "यू सिट डाऊन, आत्याबाई." सगळा वर्ग फुटला. भामाबाईसुद्धा हसल्या, पण बसल्या नाहीत.

मग नाती. मेहुणा, दीर, साडू, नंदावा, सगळे ब्रदर-इन-लॉ. कायद्याने भाऊ. सासू म्हणजे कायद्याने आई. यावर भामाबाई सुनेकडे वळून म्हणाल्या, "बघ गं बाई, कोरटात गेल्याबिगर मी तुजी आई न्हाई." आणि जाताना तिच्याच स्कूटीवर मागे बसून, तिच्या खांद्याला धरून गेल्या.

बुधवार, ४ फेब्रुवारी

घरात हल्ली फार गर्दी असते. क्लास सुटला की सगळ्या बायका हॉलमधून सरळ आमच्या स्वयंपाकघरात. विचारलं तर ही म्हणते पापड लाटतोय. हसण्याचा आवाज पार बसस्टँडपर्यंत जातो. मध्येच 'सायलेंट! सायलेंट!' असं ओरडतात. उडदाच्या पिठात काय सायलेंट असतं कोण जाणे. मी आत डोकावलो की सगळ्या गप्प होतात आणि ही म्हणते, "बायकांच्यात काय काम हाय तुमचं?"

एवढे दिवस लाटतायत, पण माळवदावर वाळत घातलेला एक पापड मला दिसला नाही.

शनिवार, १४ फेब्रुवारी

आज मन खट्टू आहे. भामाबाई क्लास संपल्यावर मागे थांबल्या.

"सुभेदार, माझं नाव काढून टाका. पाठ केलेलं ऱ्हातं, पर कुनी आडवं इचारलं की समदं पुसून जातं. मोठ्या लोकांम्होरं मला तोंडघशी पडायचं न्हाई."

मी म्हणालो, "मग आला कशाला होतात?"

"नातीसाठी. ती साळंत जायला लागल्यापास्नं इंग्लिशमधी रुसती वं. काय बोलती कळत न्हाई. समजूत कशी काढू? मराठीत समजूत काढली की म्हंती, आजी, यू डोन्ट नो."

असल्या वेळी साहेब लोक पाठीवर थाप मारतात. म्हातारीच्या पाठीवर कशी मारणार? म्हणालो, "आठ मार्चपर्यंत थांबा. मग नाव काढतो." हो म्हणाल्या. पण त्या अवघड प्रश्नाला घाबरतात, आणि प्रोफेसर अवघडच विचारणार.

घरी येऊन हिला सांगितलं. तिने ऐकून घेतलं आणि म्हणाली, "इचारणाऱ्यालाच उलटं इचारायचं. माझी आई तेच करायची."

याचा इंग्लिशशी काय संबंध? पण वाद घातला नाही.

गुरुवार, ५ मार्च

तयारी ठीक. मीच ठीक नाही. नानासोंच्या अंगणात ताडपत्रीखाली व्यायामाची मशिनं येऊन पडली आहेत. जाता-येता दिसतात.

हिला आज पुन्हा विचारलं, कार्यक्रमाला येणार का. या वेळी हजर राहायचं असं म्हणालो नाही. "येशील का?" असं म्हणालो. तिने वळून माझ्याकडे बघितलं, आणि म्हणाली, "येते की."

रविवार, ८ मार्च

सगळं क्रमाने लिहितो, नाहीतर हात थांबणार नाही.

हॉल भरून माणसं बाहेर उभी होती. नानासो पहिल्या रांगेत, शेजारी त्यांचे मेहुणे प्रोफेसर. पांढरी दाढी, स्वभावाने गरीब दिसले. घरची मंडळी तिसऱ्या रांगेत, काठाची हिरवी साडी. ती साडी मी कधी पाहिलेली आठवत नाही. ती म्हणते, तुम्हीच आणलेली.

अंकिताने सुरुवात केली.

"पी यू टी पुट, बी यू टी बट, इंग्लिशचा न्हाई नेम,
जयराज रुसोत का हसोत, माझं प्रेम सेम!"

मागून शिट्ट्या. जयराज खांबाआड गेला. मग अक्षता :

"नाइफमधी के सायलेंट, वॉकमधी एल सायलेंट,
नागसेनचं नाव घेते, फोन करा सायलेंट!"

आणि खरोखर सगळ्यांनी फोन चाचपले. भामाबाई माईक दोन्ही हातांनी धरून उभ्या राहिल्या.

"सीताफळ कस्टर्ड ॲपल, अननस पाइनॲपल,
केरबा कीर्तनाला गेलं की हरवून येत्यात चप्पल!"

दुसऱ्या रांगेतले केरबा पायांकडे बघायला लागले. प्रोफेसर चष्मा काढून डोळे पुसत होते. इतके चांगले उखाणे माझ्या मार्गदर्शनाखाली तयार झाले याचा मला अभिमान वाटला. गंमत म्हणजे प्रत्येक बाई उखाणा संपला की तिसऱ्या रांगेकडे बघत होती. तिकडे पंखा आहे, त्याचा वारा लागत असावा.

मग नानासो उठले. "झ्याक झालं. पर ही खिचडी हाय. आन् पाठ केलेली. इंग्लिशमधी बोलनं म्हंजी एकानं इचारायचं, दुसऱ्यानं सांगायचं. काय दाजी?"

प्रोफेसरांना नाइलाजाने मान हलवावी लागली. म्हणाले, "सुभेदार, तुम्हीच एखाद्या ताईंना चार प्रश्न विचारा. पाठ नसलेलं काहीतरी."

नानासोंनी बोट केलं ते नेमकं भामाबाईंकडे. "ह्यास्नी इचारा."

भामाबाईंचा चेहरा पडला. त्यांचा पडला म्हणून माझाही. सगळा हॉल माझ्याकडे बघतोय, आणि माझ्या डोक्यात एकही प्रश्न येईना. शेवटी तोंडातून आला तो धड्यातला तोच प्रश्न.

"भामाबाई, व्हॉट इज युवर हसबंड्स नेम?"

विचारलं आणि मीच घाबरलो. सगळं गाव बसलेलं, केरबा समोर, उखाणा तर घेऊन झालेला. म्हातारीला मी पुन्हा उभी करून ठेवली होती, या वेळी चारचौघांत.

भामाबाईंनी पदर सावरला. एकदा तिसऱ्या रांगेकडे बघितलं. मग माझ्याकडे बोट करून म्हणाल्या,

"नो, सर. यू फर्स्ट. व्हॉट इज युवर वाइफ नेम?"

हे कुणी शिकवलेलं नव्हतं. माझ्या धड्यात तर नक्कीच नव्हतं. प्रोफेसर खुर्चीत पुढे सरकले. आधी दोन-चार बायका हसल्या, मग सगळा हॉल हसला, मग हळूहळू शांत झाला. कारण आता उत्तर मी द्यायचं होतं.

आणि मला येईना.

उत्तर माहीत होतं. लग्नपत्रिकेवर आहे, पेन्शनच्या कागदावर आहे. पण माझ्या जिभेवर ते कधी आलेलंच नाही. घरात मी 'अगं' म्हणतो, 'ऐकलंस का' म्हणतो. फौजेत 'घरवाली' म्हणायचो, भावकीत 'मंडळी'. आता डायरीची मागची पानं चाळून बघितली, तर इथेही एकदाही लिहिलेलं नाही. त्या दिवशी अकरा जणींचं काय झालं असेल ते आता कळलं. समोर थोरली चुलती बसलेली, व्याही बसलेले. माझे कान तापले. साठीकडे झुकलेल्या माणसाला इतकं लाजायला होतं हे मला माहीत नव्हतं.

"सर, स्टँड अप," अक्षता म्हणाली. मी उभाच होतो, तरी आणखी ताठ झालो. नानासोंनी घड्याळात बघितलं.

तिसऱ्या रांगेत ती मान खाली घालून हिरव्या काठाशी चाळा करत होती. इतकी वर्षं संसार केला, पण तिला असं वाट बघताना मी पाहिलं नव्हतं. की पाहिलं होतं आणि कळलं नव्हतं, देव जाणे.

"माय वाइफ्स नेम," मी म्हणालो, "इज क्रांती."

हॉलमध्ये कुजबुज उठली. "क्रांती? वहिनींचं नाव क्रांती हाय?" "सुभेदारीणबाईंचं?" शेजारच्या बाईने वळून तिला विचारलं, "खरंच गं?" गावाला ती सुभेदारीण म्हणून, वहिनी म्हणून, काकी म्हणून माहीत. तिचे वडील बेचाळीसच्या चळवळीत भूमिगत होते, त्यांनी लेकीचं नाव किती हौसेने ठेवलं असेल. आणि आमच्या गावात ते कुणी वापरलंच नाही.

तिने मान वर केली. तिचे डोळे भरले होते आणि ती हसत होती. माझंही तसंच काहीतरी झालं असावं, कारण अंकिताने मला पाण्याचा ग्लास दिला.

माईकवर भामाबाईंचा आवाज आला. "व्हेरी गुड. सिट डाऊन."

मी बसलो. मग त्यांनी वर्गाला सांगावं तसं सगळ्या हॉलला सांगितलं, "माय हसबंड नेम इज केरबा." उखाणा न घेता, सरळ. केरबा उठून उभे राहिले आणि हात जोडून पुन्हा बसले.

प्रोफेसर स्टेजवर आले. ते म्हणाले, चाळीस वर्षं शिकवलं, पण मास्तराला खाली बसवणारा विद्यार्थी त्यांना आज पहिल्यांदा भेटला. हॉलचं काय ते नानासोंना विचारा. नानासोंनी दोन्ही हात वर केले. म्हणाले, "दाजी, मशिनं डेअरीच्या शेडात लावू. ह्या बायकांच्या वाट्याला कोन जानार?"

हॉल वर्षभर आमचा.

तोच दिवस, संध्याकाळ

वर एवढं लिहिलं, तरी एक गोष्ट राहिली.

घरी आल्या आल्या तिने साडी बदलली, धार काढली, दूध तापवायला ठेवलं. मी सोप्यात बसून पेपर धरला होता. धरलाच होता, वाचत नव्हतो.

आतून आवाज आला, "मघाशी ते इंग्लिशमधी झालं."

"मग?"

"इंग्लिशमधी कुनीबी म्हणतंय. परक्याच्या भाषेत लाज लागत न्हाई. मराठीत कवा?"

मी पेपर खाली ठेवला. खिडकीतून बाहेर बघितलं. रस्त्यावर कुणी नव्हतं. असतं तरी चाललं असतं. घसा साफ केला आणि स्वयंपाकघराकडे तोंड करून नुसतं नाव घेतलं. पुढे-मागे काही नाही. अगं नाही, ऐकलंस का नाही.

"क्रांती."

आत दुधाखालचा गॅस बंद झाल्याचा खटका वाजला. मग तिने 'ओ' दिली.